खुंट कोणता? मूळ व कलम यांविषयीं एक पाठ

शास्त्रभाग : रोमकरांस पत्र, अध्याय ११, वचनें १६ ते २४

उन्हाळा संपत आला, म्हणजे शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील बाजाराच्या गांवीं फळझाडांचीं कलमें विकावयास येतात. आमचे शेतकरी बंधु कष्टाचे पैसे कनवटीस लावून तेथें जातात आणि विचारतात, "मोसंबी खरी ना? आंबा हापूसच ना?" हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याबरोबर दुसराही एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो फारच थोडे विचारतात. तो असा कीं, "हें कलम कोणत्या खुंटावर बांधलें आहे?"

फळझाड हें एका वर्षाचें पीक नव्हे. बाजरी बुडाली तर पुढल्या वर्षीं पुनः पेरतां येते. फळबागेची चूक मात्र चौथ्या-पांचव्या वर्षीं डोळ्यांस दिसते. तोंवर कर्ज डोक्यावर बसलेलें असतें, विहिरीचें पाणी खर्ची पडलेलें असतें, आणि ज्या फळांच्या भरंवशावर मुलांच्या शाळेचा विचार केला, तीं फळें आलेलीं नसतात. म्हणून आज आम्हीं खुंटाचा विषय घेतला आहे. प्रथम झाडाची हकीकत सांगूं. मग प्रेषित पौलानें याच कामाचा दाखला देऊन रोम येथील मंडळीस जें शिकविलें, तिकडे वळूं.

एका झाडांत दोन झाडें

कलम म्हणजे दोन झाडांचा जोड. जमिनींत ज्याचें मूळ असतें, तो खुंट. त्याच्यावर चांगल्या झाडाचा डोळा किंवा काडी बसवितात, आणि जोडाच्या वरचा सर्व विस्तार त्या डोळ्यापासून होतो. कोंवळ्या फांदीची साल सोलून पाहिली, तर सालीच्या आंत लांकडास लागून एक पातळ ओलसर थर हातास लागतो. खोडाची जाडी याच थरांतून वाढते. खुंटाचा हा थर व डोळ्याचा हा थर एकमेकांस भिडवून घट्ट बांधले, आणि जखम वाळूं दिली नाहीं, तर दोहींकडून नवा कोंवळा गर निघून फट भरते आणि कांहीं आठवड्यांत रस वाहण्याच्या वाटा जुळतात. हा जोड जवळच्या कुळांतच होतो. आंबा आंब्यावर जुळतो, मोसंबी लिंबाच्या जातींवर जुळते, चिकू खिरणीवर जुळतो. कडुनिंबावर आंबा जुळणार नाहीं, मग बांधणारा कितीही कुशल असो.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. दोन झाडें जुळलीं, तरी तीं एकमेकांत विरघळत नाहींत. जोडाच्या वर हापूस तो हापूसच राहतो, आणि जोडाच्या खालीं रायवळ तो रायवळच राहतो. खुंट आंबट आहे म्हणून वरच्या मोसंबीचें लिंबू होत नाहीं. मग खुंटाची एवढी चौकशी कशास करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें आहे.

खुंट काय देतो

फळाची जात वरचा डोळा ठरवितो. परंतु झाड किती वाढेल, किती लवकर फळेल, पाण्याची ओढ सोसेल कीं नाहीं, खाऱ्या पाण्यांत तग धरील कीं नाहीं, मुळांस रोग जडेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं खुंट ठरवितो. फळाचा आकार, सालीची जाडी व रसाची गोडी यांवरही त्याचा थोडाफार परिणाम होतो. कारण पाणी व क्षार हे मुळांनींच वर पाठवावयाचे असतात, आणि पानांनीं तयार केलेल्या अन्नावर खालीं मुळांनीं जगावयाचें असतें. ही देवघेव झाड जिवंत असेपर्यंत चालते.

याची स्पष्ट साक्ष सफरचंदाच्या झाडांत दिसते. इंग्लंडांत केंट परगण्यांतील ईस्ट मॉलिंग येथें १९१३ सालीं फळझाडांच्या संशोधनाचें केंद्र निघालें. तेथें सफरचंदाचे निरनिराळे खुंट वेगळे करून त्यांस क्रमांक देण्यांत आले. त्यांतील नवव्या क्रमांकाच्या खुंटावर बांधलेलें झाड ठेंगणें राहतें, लवकर फळतें आणि फळें जमिनीवर उभें राहून तोडतां येतात. त्याच जातीचा डोळा बियांपासून झालेल्या जोमदार खुंटावर भरला, तर फळांसाठीं शिडी लावावी लागते. डोळा एकच, भेद केवळ मुळाचा.

आपल्याकडील आंब्यांतही हें दिसतें. एकाच हापूसाच्या काड्या घेऊन दहा कलमें बांधलीं, आणि तीं एकाच ओळींत लाविलीं, तरी कोणतें उंच जातें, कोणतें मंद राहतें. आमचे लोक म्हणतात, "हातगुण निराळा." हातगुण नव्हे, रायवळाच्या प्रत्येक कोयीचें रोप आपल्या परीनें निराळें असतें, म्हणून दहा कलमांखालीं दहा प्रकारचीं मुळें असतात.

मोसंबीचे खुंट व आपली जमीन

मोसंबीसाठीं महाराष्ट्रांत मुख्यतः दोन खुंट वापरतात : जंबेरी व रंगपूर. दोन्हीं आंबट लिंबाच्या जातीचे आहेत. जंबेरीवर झाड जोमानें वाढतें, आणि खोल, हलक्या, निचऱ्याच्या जमिनींत चांगलें साधतें. परंतु त्यावरील फळाची साल जाड व रस कमी गोड असण्याकडे कल असतो, आणि पाणी साचणाऱ्या जमिनींत त्याचीं मुळें कुजतात व बुंध्यास डिंक्या लागतो. रंगपूर खुंट पाण्याची ओढ व जमिनीचा खारटपणा अधिक सोसतो.

आतां आपल्या दोन तालुक्यांकडे पहा. दौंड तालुक्यांतून खडकवासल्याचा कालवा जातो आणि कडेनें भीमा वाहते. काळी जमीन, ऊंसाचें पाणी वर्षानुवर्षें दिलेलें. जेथें निचरा नाहीं तेथें जमिनीवर पांढरी फुटते आणि ती चोपण होते. शिरूराकडे घोड नदीचा कांठ सोडून वर चढलें, कीं मुरमाड माळ लागतो, आणि उन्हाळ्यांत विहीर तळास जाते. एका ठिकाणीं पाणी फार व खारें, दुसऱ्या ठिकाणीं पाणीच थोडें. या दोन्हीं ठिकाणीं एकच कलम डोळे मिटून लावणें शहाणपणाचें नव्हे. प्रथम माती व विहिरीचें पाणी तपासून घ्यावें, मग खुंट निवडावा, आणि शेवटीं फळाची जात ठरवावी. आमचे लोक बहुधा याच्या उलट क्रमानें जातात.

द्राक्षवेलाची साक्ष

दौंडाहून पुण्याकडे जातांना मांजरी लागते. तेथें १९९७ पासून द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पूर्वी महाराष्ट्रांत द्राक्षवेल आपल्याच काडीच्या मुळावर लावीत. पुढें दुष्काळ व खारें पाणी यांनीं बागा खचूं लागल्या, तेव्हां गेल्या शतकाच्या शेवटल्या दशकापासून डॉगरीज नांवाच्या खुंटाचा प्रसार झाला. हा खुंट मूळचा अमेरिकेंतील टेक्सास प्रांताच्या रानवेलाचा. त्या वेलाचीं फळें कोणी आवडीनें खाणार नाहीं. परंतु त्याचें मूळ कठीण जमिनींत जगण्यास शिकलेलें आहे.

अमेरिकेच्या रानवेलांनीं त्यापूर्वीही एका देशाची लाज राखिली होती. १८६० नंतरच्या वर्षांत फ्रान्स देशांत फायलॉक्सेरा नांवाचा बारीक कीटक द्राक्षांच्या मुळांस लागला आणि बागांमागून बागा उजाड झाल्या. तो कीटक अमेरिकेंतूनच आला होता, आणि तेथील रानवेलांचीं मुळें त्यास दाद देत नसत. म्हणून फ्रेंच लोकांनीं आपल्या उत्तम वेलांच्या काड्या त्या परक्या, ओबडधोबड मुळांवर बांधिल्या, तेव्हां कोठें त्यांची द्राक्षें वांचलीं.

तथापि डॉगरीज हाही सर्वत्र गुणकारी नाहीं. भारी जमिनींत तो वेलास इतका जोर देतो कीं पानांची दाटी होऊन काडीवर सावली पडते, आणि सावलींतल्या डोळ्यांत घड कमी धरतो. म्हणून कांहीं बागाईतदार ११० आर या दुसऱ्या, कमी जोमाच्या खुंटाकडे वळले आहेत. सर्वांत जोरदार तें सर्वांत उत्तम, हा समज खोटा आहे.

एकाच खुंटाचा भरंवसा

ब्राझील देशांत पूर्वी संत्र्या-मोसंब्यांच्या बागा बहुतेक एकाच आंबट नारिंगाच्या खुंटावर होत्या. १९३० नंतर तेथें ट्रिस्टेझा नांवाचा रोग आला. तो त्या जोडावरच घात करी; लाखों झाडें मेलीं. मग त्यांनीं दुसरा खुंट शोधिला, तो आपला रंगपूर. बंगालच्या ज्या रंगपुराचें नांव त्यास मिळालें, तें आज बांगलादेशांत आहे. त्याच्यावर ब्राझीलच्या बागा पुनः उभ्या राहिल्या. परंतु सुमारें २००० सालीं रंगपुरावरील झाडेंही एका नव्या रोगानें अकस्मात् मरूं लागलीं. यावरून बोध इतकाच कीं, ज्यास शक्य असेल त्यानें सर्व बाग एकाच खुंटावर उभी करूं नये.

जीं झाडें आपल्याच मुळावर उभीं राहतात, त्यांचीही गोष्ट ऐका. डाळिंब गुटी बांधून करितात, आणि दौंड तालुक्यांतील खोरचें प्रसिद्ध अंजीरही काडीपासून किंवा गुटीपासून करितात. त्यांस निराळा खुंट नसतो. म्हणून डाळिंबाच्या मुळांस सूत्रकृमि किंवा मर लागली, तर वरच्या झाडास आसरा देणारें दुसरें मूळ नाहीं. अशा वेळीं सर्व भिस्त निरोगी मातृवृक्ष निवडण्यावर व निचऱ्यावर ठेवावी लागते.

बांधावरची बोरी

ज्या बंधूंजवळ कलमें विकत घेण्यास पैसा नाहीं, त्यांनीं आपल्या बांधाकडे पहावें. रानबोरीचें मूळ मुरमांत खोल जातें व दुष्काळ सोसतें. खुंट देवानें आधींच लावून ठेविला आहे. चैत्राच्या सुमारास ती बोरी जमिनीपासून हात-दीड हात ठेवून छाटावी. नवे फुटवे येतील. त्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढावे. पाऊस लागला व फुटवे पेन्सिलीएवढे जाड झाले, म्हणजे त्यांवर उमराण किंवा कडाका अशा चांगल्या बोरीचा डोळा भरावा. नवी बोरी लावणें असल्यास बीं जागच्या जागींच लावून तेथेंच डोळा भरणें बरें. कारण रोप उपटतांना सोटमूळ तुटतें, आणि बोरीचें सारें सामर्थ्य त्या सोटमुळांत असतें.

कलम घेतांना व लावितांना

१. कलम विकणाऱ्यास खुंटाचें नांव विचारावें व तें पावतीवर लिहून घ्यावें. जो सांगूं शकत नाहीं, त्याचें कलम स्वस्त असलें तरी घेऊं नये.

२. मोसंबीचा डोळा जमिनीपासून सुमारें एक वीत उंच भरलेला असावा. डोळा फार खालीं असला, तर बुंध्यास ओल लागून डिंक्या होण्याचें भय असतें.

३. लावितांना जोड मातीखालीं गाडूं नये. गाडल्यास वरच्या भागास स्वतःचीं मुळें फुटतात, आणि ज्या खुंटासाठीं पैसे दिले त्याचा उपयोग उरत नाहीं.

४. जोड धरल्यावर बांधलेली पट्टी वेळीं सोडावी. नाहींतर ती सालींत रुतून झाडाचा गळा आवळते.

५. जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा कोंवळा असतांनाच मोडून टाकावा.

हा पांचवा नियम आम्हीं नुकसान सोसून शिकलों. आमच्या आवारांत एक मोसंबी होती. एका पावसाळ्यांत तिच्या बुंध्यांतून एक सरळ, हिरवागार, कांटेरी फुटवा निघाला. झाडानें जोर धरला, असें समजून आम्हांस आनंद झाला, आणि त्यास आम्हीं काठीचा आधारही दिला. दोन वर्षांत तो माथ्यावर गेला. तिसऱ्या वर्षीं त्यास पिवळीं, खडबडीत, आंबट फळें लागलीं, आणि खरी मोसंबी एका बाजूस वाळून गेली होती. खुंटानें आपलें सर्व बळ आपल्याच फांदीस दिलें होतें. हिरवेपणा म्हणजे फळ नव्हे, हें त्या दिवसापासून आम्ही विसरलों नाहीं.

पौलाचें जैतून

आतां शास्त्रभाग उघडा. पौल सांगतो कीं, चांगल्या जैतुनाच्या कांहीं फांद्या मोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागीं रानजैतुनाची फांदी कलम करून लाविली गेली. चांगलें जैतून म्हणजे देवानें अब्राहामाशीं केलेल्या करारांतील लोक, आणि रानजैतून म्हणजे आपण परराष्ट्रीय.

ज्यानें बागेंत काम केलें आहे, तो हें वाचून क्षणभर थांबेल. माळी चांगला डोळा रानटी खुंटावर बांधितो. पौल तर रानटी फांदी चांगल्या मुळावर लावितो! पौल नगरांत वाढला, त्यास बागेचें ज्ञान नव्हतें, असें कोणी म्हणतात. परंतु त्याच शतकांतील कोलुमेला नांवाच्या रोमी ग्रंथकारानें शेतीवरील आपल्या पुस्तकांत असें सांगितलें आहे कीं, जैतून फळत नसेल तर त्यास भोंक पाडून रानजैतुनाची हिरवी काडी आंत बसवावी. विल्यम रॅमसे या पंडितानें १९०५ सालीं याकडे लक्ष वेधिलें. तेव्हां अशी रीत त्या काळीं अगदींच अज्ञात नव्हती.

तथापि पौलाचें बोलणें माळ्याच्या रीतीवर उभें नाहीं. हें निसर्गाच्या उलट आहे, असें तो चोविसाव्या वचनांत आपणच कबूल करितो. आणि तेंच या पाठाचें मर्म आहे. बागेंत मूळ कितीही चांगलें असो, रानटी फांदीस तें गोड फळ आणूं शकत नाहीं. हें आपण वर पाहिलें. देवाच्या कृपेनें मात्र रानटी फांदीस मुळाचा रस मिळतो व तिचें फळ पालटतें. जें कोणत्याही माळ्यास साधत नाहीं, तें त्यानें आपणांमध्यें केलें आहे.

मग गर्वास जागा कोठें? फांदी मुळास उचलून धरीत नाहीं. मूळच फांदीस धरितें. आमच्या कांहीं मंडळ्यांत चार पिढ्यांचीं ख्रिस्ती घराणीं आहेत, आणि कालपरवां बाप्तिस्मा घेतलेलीं कुटुंबेंही आहेत. शिरूर येथें अमेरिकन मराठी मिशनचें काम एकोणिसाव्या शतकांत सुरू झालें. ज्यांच्या पणजोबांनीं तेव्हां प्रभूस स्वीकारिलें, तीं घराणीं कधीं कधीं नव्या बंधूंस मागें बसवितात, विहिरीवर त्यांची पूर्वीची जात काढितात, लग्नाच्या बोलण्यांत ती विसरत नाहींत. त्यांस आम्ही नम्रपणें विचारितों : तुमचें कलम जुनें खरें, परंतु तेंही कलमच ना? जोडाचा व्रण तुमच्या बुंध्यावरही आहे. आणि जे आपण होऊन या मुळाचे नव्हेत, त्यांनीं मोडल्या गेलेल्या फांद्यांचा, म्हणजे यहूदी लोकांचा, तिरस्कार करावा हें तर पौल उघडच निषिद्ध करितो. त्यांस पुनः कलम करण्यास देव समर्थ आहे, असें तो म्हणतो.

उपदेशक बंधूंस दोन गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, नवा जोड पहिल्या दिवसांत सर्वांत नाजूक असतो. डोळा भरून माळी महिनाभर फिरकला नाहीं, तर दोष डोळ्याचा नव्हे. बाप्तिस्म्यानंतर ज्या घरीं कोणी गेलें नाहीं, तें घर मागें गेलें म्हणून कुरकुर करूं नये. दुसरी ही कीं, फुटव्याचा दाखला पौलाच्या दाखल्यांत मिसळूं नये. बागेंत फुटवा रानटी मुळांतून येतो. पौलाच्या जैतुनाचें मूळ पवित्र आहे. दोन दाखले एकत्र केले, तर ऐकणारे गोंधळतात.

शेवटीं केडगांवची आठवण करूं; तें गांव दौंड तालुक्यांतच आहे. पंडिता रमाबाईंनीं तेथें जमीन घेतली, ती फळझाडें लावून शारदा सदनाच्या खर्चास उत्पन्न व्हावें म्हणून. १८९६–९७ च्या दुष्काळांत अनाथ मुली व विधवा यांस घेऊन त्या आल्या, आणि ज्या जमिनीवर बाग व्हावयाची तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. पुढें तेथेंच बसून बाईंनीं सर्व पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या, आणि तें शास्त्र १९२४ सालीं छापून निघालें. ज्यांचें मूळ दुष्काळानें उखडलें होतें, त्यांस तेथें दुसरें मूळ मिळालें. आपल्या मंडळीच्या दारीं असें कोणी उभें असेल, तर त्याची जात विचारण्यापूर्वीं त्यास आधार द्या.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. कलमांत फळाची जात कोण ठरवितो, आणि झाडाची सोसण्याची शक्ति कोण ठरवितो?

२. आपल्या गांवची जमीन व पाणी पाहतां मोसंबीस कोणता खुंट योग्य होईल, आणि कां?

३. पौलाचें कलम निसर्गाच्या उलट कसें आहे?

४. आपल्या मंडळींत सर्वांत नवा जोड कोणत्या घरीं आहे, आणि या महिन्यांत तेथें कोण गेलें?